व्हिसा गावांदे रे म्हाराजा!

परदेशात शिकायला जायचं ठरवलंत ना? मग पहिला सल्ला असा, की पासपोर्टाचं एवढ्यात नाव काढू नका. विद्यापीठाचं पत्र येऊ दे, फी भरायची तारीख तोंडावर येऊ दे, वाडीभर पेढे वाटून होऊ देत, मग सावकाश आठवा. पासपोर्ट दहा वर्षं चालतो, ३६ पानी पुस्तकाला १५०० रुपये पडतात, म्हणजे कॉलेजच्या पहिल्याच सुट्टीत तो काढून ठेवता आला असता. पण तेव्हा आंबे होते. मग गणपती आले, मग शिमगा आला. आता तत्काळचे २००० वर भरा आणि सरकारी कारभार किती संथ आहे यावर एसटी स्टँडवर भाषण करा.

फॉर्म भरायला पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन हे सरकारी संकेतस्थळ आहे. तिकडे फिरकू नका. गूगलवर सगळ्यात वर जी जाहिरात झळकेल तिथेच कार्डाचा नंबर टाका. अशा बनावट साइटींबद्दल परराष्ट्र मंत्रालय सावध करत असतं, पण सरकारच्या इशाऱ्यांकडे आपण पावसातसुद्धा लक्ष देत नाही, होड्या घेऊन जातोच. नेट लागत नसेल तर रात्री सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळी पठारावर जा. अर्ध्या तालुक्याचं शिक्षण, नोकरी आणि प्रेम सड्यावरच्या एका कातळावर बसून चालतं. तुमची अपॉइंटमेंटही तिथेच मिळेल. २०१७ पासून पोस्टांमध्येच पासपोर्ट केंद्रं उघडायला लागली, त्यामुळे त्यासाठी ऊठसूट मुंबई गाठायची गरज उरली नाही. वाईट झालं. त्या निमित्ताने दादरला खरेदी तरी व्हायची.

फोटो केंद्रातच काढतात, हे कळलं असलं तरी बाजारातल्या स्टुडिओत जाऊन बत्तीस प्रती काढून घ्या. व्हिसाला उपयोगी पडतील असं वाटेल, पण पडणार नाहीत. अमेरिकेला दोन इंची चौकोनी लागतो, युरोपला ३५ बाय ४५ मिलिमीटर. तुमच्याकडचे मग मामाच्या पाकिटात आणि देवघराच्या काचेत जातील.

आता कागद. कोकणात चार महिने हवेलाच पाणी सुटतं, त्यामुळे वडिलांनी तुमचं दहावीचं प्रमाणपत्र निकालाच्या दुसऱ्याच दिवशी लॅमिनेट करून आणलेलं असेल. उत्तम केलं. बुरशी लागली नाही. आता परदेशासाठी त्यावर साक्षांकनाचा शिक्का मारायची वेळ आली, की पलीकडचा माणूस ते चकचकीत प्लास्टिक नखाने खरवडून बघेल आणि तुमच्याकडे बघेल. तुम्ही वडिलांकडे बघा. वडील बाहेर पावसाकडे बघतील.

नावाच्या बाबतीत मात्र आपण खरे श्रीमंत. शाळेच्या दाखल्यावर घाडी, आधारवर घाडीगावकर, पॅनवर नुसतं गावकर आणि बँकेत गावकरच, पण स्पेलिंगात एक अक्षर जास्त. पासपोर्टाच्या फॉर्मात नावाला एक रकाना आणि आडनावाला दुसरा असतो. तुम्ही मूळ नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सगळं पहिल्याच रकान्यात कोंबा, दुसरा मोकळा सोडा. पुढे अमेरिकेच्या व्हिसावर तुमची सगळी वंशावळ आडनावाच्या जागी जाईल आणि नावाच्या जागी एफएनयू उमटेल, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. दोन वर्षं प्राध्यापक तुम्हाला फनू म्हणून हाक मारतील. आईने जिवतीला साकडं घालून ठेवलेलं नाव बारशाच्या पाळण्यातच राहिलं, एवढंच. हे टाळायला आडनाव एकच ठरवून, प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्र जे लागेल ते करून, सगळे कागद आधीच एका ओळीत आणता येतात. पण मग शेवटच्या आठवड्यात धावपळ कसली करणार?

पोलीस पडताळणीसाठी खास तयारी करावी. गेल्या वर्षभरात जिथे जिथे राहिलात ते पत्ते फॉर्मात द्यायचे असतात. तुम्ही पुण्याच्या वसतिगृहात, आईबाबा विक्रोळीला, आणि फॉर्मात लिहा मुक्काम पोस्ट गावचा, कारण आधारवर तोच आहे आणि शेवटी आपलं घर ते आपलं घर. हवालदार भर दुपारी घाटी चढून येतील. चिरेबंदी घर, खळ्यात वीतभर गवत, दाराला कुलूप. मग ते शेजारी चौकशी करतील. शेजारी म्हणजे तुमचे चुलत चुलते, ज्यांच्याशी पोफळीच्या बांधावरून तुमच्या आजोबांच्या वेळेपासून दावा चालू आहे. ते पडवीतून न उठता सांगतील, "असो कोण हय रवणा नाय." आणि मेल्याहून मेल्यासारखं हे, की त्यात एक अक्षर खोटं नाही.

हे सगळं पार पडून पुस्तक हातात आलं की खरी गंमत सुरू होते. ती म्हणजे पैसा दाखवणे.

विद्यापीठाला आणि दूतावासाला एकच साधा प्रश्न असतो: खर्च कोण करणार, आणि त्याच्याकडे कुठून आले? तुम्ही अभिमानाने सातबारा पुढे करा. दीड एकर वरकस, सामाईक, वर बेचाळीस नावं. त्यातली अकरा माणसं वारलेली, चार बहिणी सासरी, एक जण १९७१ साली बोटीवर गेला तो अजून यायचाय. कुळाचं नाव इतर हक्कात आहेच. बँकेचे साहेब चष्मा काढून विचारतील, यात तुमचं काय? तुम्ही सांगा, सगळंच आमचं. साहेब म्हणतील, मग इतरांच्या सह्या आणा. परदेशी शिक्षणाचं कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँका सहसा तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून बहुतेक ठिकाणी चालत नाही. पण हे घरी सांगू नका. घरी सांगा, की बेचाळीस सह्या हव्यात. त्या निमित्ताने चाळीस वर्षांत न बोललेली माणसं एकमेकांशी बोलतील. काय बोलतील ते सोडा.

बरं, उत्पन्न तरी? बाबांची हापूसची कलमं आहेत. पैसे येतात ते एप्रिल-मेमध्ये, वाशीच्या दलालाच्या पट्टीवर, म्हणजे हिशोबाच्या चिठ्ठीवर, आणि त्यातली उचल मोहर धरायच्या आधीच फवारणीत गेलेली असते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून बाबांनी जन्मात रिटर्न भरलेलं नाही. व्हिसाची यादी मात्र तीन वर्षांची रिटर्नं मागते. इथे काही शहाणे सांगतात, की कर लागत नसला तरी रिटर्न भरून शेतीचं उत्पन्न त्यात दाखवता येतं, तेवढाच एक सरकारी कागद तयार होतो. असल्या शहाण्यांना जेवायला बोलवू नये. तुम्ही आपली दलालाची पट्टी जोडा, आंबे पिकवायच्या कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीचा वास येणारी नको, चांगली बघून जोडा. तिचं इंग्रजी करून घ्या. ‘हमाली, तोलाई, सडका माल वजा’ हे वाचताना व्हिसाचे कागद तपासणाऱ्या लंडनच्या बाईंना आपल्या बागायतीची नेमकी कल्पना येईल.

तरी आकडा भरला नाही, तर काका आहेत. कोकणात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर शेवटी एक मुंबईचा काका असतो. त्याने मुलुंडचा फ्लॅट विकला तेव्हापासून त्याच्या खात्यात पैसे पडून आहेत, आणि पुतण्याच्या शब्दाबाहेर तो नाही. त्याला सांगा, अर्ज करायच्या तीन दिवस आधी पंचवीस लाख टाक, चौथ्या दिवशी काढून घे. ब्रिटनचा नियम असा, की रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, एक दिवससुद्धा खाली यायला नको. आणि खातं तुमचं हवं किंवा आईवडिलांचं. काका चालत नाही! दोनशे वर्षं राज्य करून गेले, पण एकत्र कुटुंब म्हणजे काय ते त्यांना समजलंच नाही. आईवडिलांचं खातं दाखवायचं तर ते आईवडीलच आहेत हे जन्माच्या दाखल्याने सिद्ध करायचं, वर त्यांचं संमतीपत्र. म्हणजे पुन्हा आला घाडी की घाडीगावकर.

जर्मनीचं त्या मानाने सरळ. वर्षाचे ११,९०४ युरो त्यांच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून टाकायचे, मग ते महिन्याला ९९२ युरो तुमचेच तुम्हाला देतात. मुंबईतल्या गिरणीत कमावणाऱ्या चाकरमान्याची मनीऑर्डर अशीच यायची, फक्त तो ती वर्षभराची आगाऊ कापून घेत नसे. २०२२ च्या नोव्हेंबरपासून तिथे जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं प्रमाणपत्रही लागतं, तुमच्या मार्कशीटा खऱ्या आहेत याचं. ते व्हिसाच्या आदल्या आठवड्यात आठवलं तर उत्तम.

एवढी कटकट कशाला, एजंट आहे की! तालुक्याच्या गावी, मोबाइल रिपेअरिंगच्या वरच्या माळ्यावर, ‘१०० टक्के व्हिसा’ अशी पाटी आहे. विमानाचं चित्रही आहे. त्याने कोऱ्या फॉर्मवर सही मागितली की करून टाका, वाचत बसू नका, त्याचा अपमान होईल. तो बँकेचं स्टेटमेंट बनवून देईल, कधी न केलेल्या नोकरीचं पत्र देईल, आणि तुमचं मनोगतही लिहून देईल, जे गेल्या वर्षी त्याने खारेपाटणच्या मुलीला दिलं होतं. फक्त तिचं ‘नर्सिंग’ खोडून तुमचं ‘डेटा सायन्स’ झालेलं असेल. लहानपणापासून रुग्णांच्या सेवेची आवड आहे हे वाक्य तेवढं राहून जाईल. पकडलात तर कॅनडाचं दार पाच वर्षं बंद, ब्रिटनचं दहा वर्षांपर्यंत, आणि शिक्षा तुम्हाला, एजंटाला नाही. २०२३ साली कॅनडात शेकडो भारतीय मुलांवर हा प्रसंग आला होता, प्रवेशाची पत्रंच बनावट निघाली. मुलं म्हणाली, आम्हाला माहीत नव्हतं. बहुतेकांना खरंच माहीत नव्हतं. पण सही त्यांची होती.

कधी कधी मला आपल्या मुर्डीच्या रँग्लर र. पु. परांजप्यांचं नवल वाटतं. दापोलीजवळच्या त्या खेड्यातला मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाला, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला, असा पहिलाच भारतीय. गणित अवघड होतं म्हणतात. असेल. सातबाऱ्यावरची नावं मोजायला कोणी सांगितली नसावीत.

अमेरिकेला निघाला असाल तर मुलाखत असते, वांद्रे-कुर्ला संकुलात. तारीख हमखास गणपतीच्या तोंडावर येते, तेव्हा कोकण रेल्वेचं तिकीट मिळवणं हीच पहिली परीक्षा. त्याआधी समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगतात, २०२५ च्या जूनपासून. तुमचं खातं तर उघडंच आहे. दशावतारात संकासुर झालात तो फोटो, डोळे वटारलेले, हातात तलवार, खाली मित्राने लिहिलंय ‘तालुक्यात एकच दहशत’. राहू दे. लोककलेची माहिती तिकडेही पोचायला हवी.

खिडकीपलीकडचा अधिकारी दोन-तीन मिनिटंच बोलतो. त्यांच्या कायद्यातलं २१४-बी कलम असं, की समोरचा माणूस कायमचा राहायलाच आलाय असं आधी धरून चालायचं. तसं नाही हे पटवायचं काम त्याचं. प्रश्न येईल, शिकून परत येणार का? खरं तर या प्रश्नाला जगात आपल्याइतकं तयार कोणी नाही. दीडशे वर्षं आपण घर सोडून जातोय, गिरणीत, बोटीवर, आखातात, आणि वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, उभ्याने प्रवास करून परत येतोय. पालखी नाचवायला आपला खांदा नसला तर देवी रुसते ही ज्याची समजूत, तो न्यू जर्सीत किती दिवस टिकणार? पण याचा कागद नाही. म्हणून तुम्ही ते सांगूच नका. सांगा, मामा तिथेच आहे, तो म्हणाला आधी ये तर खरा, मग बघू. शिवाय कोर्सचं नाव विचारलं की फाइल उघडून शोधा.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागलेला असावा. ‘उच्च शिक्षणासाठी परदेशगमन, हार्दिक अभिनंदन’, वर सात नेते, खाली बत्तीस शुभेच्छुक, मध्ये कुठेतरी तुम्ही. व्हिसा नाकारला गेला तर फ्लेक्स उलटा करून लाकडांवर घालता येतो, पावसाळाभर टिकतो.

आणि देवळात घालायचं गाऱ्हाणं विसरू नका. मानकऱ्यांना आधी सगळे मुद्दे नीट लिहून द्या, नाहीतर ते सवयीने नोकरी आणि लग्न मागून मोकळे होतात. साधारण असं:

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दाखल्यार घाडी आणि आधारार घाडीगावकर, ही जी काय चूक झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"अठ्ठावीस दिवस खात्यातलो रुपयो हलाक देव नको, आणि ज्या सायबाक काका चलणा नाय, त्येका काकाची किंमत कळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ मात्र बाजारातून विकत आणा, पावतीसकट. परड्यातल्या सामाईक माडाचा दिलात, तर चुलत चुलते देवळाच्या पायरीवर हिस्सा मागायला उभे राहतील.