ग्रीक निर्वासितांचा तो फॉरवर्ड परत आलाय

तिसऱ्यांदा आला म्हणून लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: १९४९ ला ग्रीसमधले कट्टर कम्युनिस्ट स्वखुशीने रशियाच्या स्वर्गात राहायला गेले, जाताना २८ हजार मुलं पळवली, तिकडे फुकटचं खाल्लं आणि डोळे उघडल्यावर सगळे गुपचूप घरी परतले.

स्वखुशीने कसलं बोडख्याचं. ऑगस्ट १९४९ मधे ग्रामोस आणि वित्सीच्या डोंगरात हे कम्युनिस्ट सरकारविरुद्धची यादवी हरले, वरून अमेरिकेने दिलेली विमानं नापाम म्हणजे आगीचे बॉम्ब टाकतायत, मागे फक्त अल्बानियाची सीमा, ती ओलांडली. तिथून बरेचसे मालवाहू बोटींच्या तळात लपून, कारण वाटेत अमेरिकेच्या गोटातल्या तुर्कस्तानची सामुद्रधुनी, आणि मग रेल्वेने थेट ताश्कंद. आपल्याला ते नाव शास्त्रीजींमुळे माहीत, पण तिथे त्याआधीच साधारण १२ हजार ग्रीक राहत होते. आणि कट्टर म्हणाल तर कम्युनिस्टांच्या त्या सैन्यात सक्तीने भरती केलेली खेड्यातली पोरंपोरीही ढिगाने होती.

मुलांचा आकडा साधारण बरोबर आहे, ‘पळवली’ मात्र अर्धवट. काही गावांत जबरदस्ती झाली, हे मान्यच करायला पाहिजे, पण बॉम्ब पडतायत म्हणून आयांनी स्वतःहून पाठवलेली मुलंही खूप होती. आणि ग्रीसच्या राणी फ्रेडरिकानेही डोंगरातली मुलं उचलून स्वतःच्या ‘बालनगरां’त ठेवली होती, ते मेसेजमधे का नाही बरं?

फुकटचं खाल्लं म्हणे! घरं मिळाली, शिक्षण, दवाखाना मिळाला, खरंय. पोलंडमधे झ्गोझेलेत्सला आणि चेकोस्लोव्हाकियात क्रनोवकडेही यातले बरेच लोक ठेवले, कारण तिथल्या जर्मनांना हाकलल्यामुळे घरं ओस पडलेली आणि काम करायला माणसं हवी होती. कारखान्यात, शेतात राबलेच की. आणि स्वर्गही नव्हता हो, १९५५ मधे ताश्कंदला ग्रीक कम्युनिस्ट पक्षाच्याच दोन गटांत, पक्षाचा नेता झाखारियादिसवरून, अशी मारामारी झाली की विचारू नका.

आता ‘गुपचूप परतले’, ही सगळ्यात मोठी थाप. परतणार कसे? ग्रीक सरकारच्या १९४७ च्या हुकमाने हजारोंचं नागरिकत्वच काढून घेतलेलं. परवानगी मागून थोडेफार आधी गेले, पण दार खरं उघडलं ते डिसेंबर १९८२ ला, पासोक या समाजवादी पक्षाचं सरकार आल्यावर, आणि तेही फक्त ‘वंशाने ग्रीक’ असलेल्यांना. म्हणजे त्याच डोंगरातले, त्याच सैन्यात लढलेले, पण घरी मॅसेडोनियन ही स्लाव्ह भाषा बोलणारे बाहेरच. आईबापांची जमीन, घर तिकडे, आणि जायला बंदी. मला तरी पूर्ण प्रकरणात हेच सगळ्यात जास्त टोचतं, आणि नेमकं हेच कोणी फॉरवर्ड करत नाही.

आणि ‘सगळे’? बुडापेस्टच्या दक्षिणेला बेलोयानिस नावाचं गाव आहे, १९५० मधे या निर्वासितांसाठीच वसवलेलं. मार्च १९५२ मधे अथेन्समधे गोळ्या घातलेल्या कम्युनिस्ट नेत्याचं, निकोस बेलोयानिसचं, नाव त्याला दिलं. खटल्याच्या वेळी त्याच्या हातात कार्नेशनचं फूल होतं, पिकासोने त्याचं ते रेखाचित्र काढलं. हंगेरीत राजवट बदलली तरी गावाचं नाव तेच राहिलं, आणि तिथे ग्रीक कुटुंबं अजून राहतात.