खुलासा : कॉम्प्रेशन कमी भरलं म्हणजे रिंगाच गेल्या असं नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ड्रायव्हर मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय : 'घाटात गाडी ओढत नाही आणि कॉम्प्रेशन कमी भरतंय, म्हणजे रिंगा गेल्या. इंजिन उतरवा.' कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरात हवा दाबतो तेव्हा भरणारा दाब, आणि रिंगा म्हणजे तो दाब निसटू न देणाऱ्या पिस्टनवरच्या कड्या. मेसेजमधला हा निष्कर्ष घाईचा आहे.

आधी मोजणी (स्पार्क प्लगच्या जागी दाबाचा गेज लावून) नीट झाली का ते बघा. पेट्रोल इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग कमीच येतं. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर मारून पाच-सहा फेरे द्या. सर्वात कमी आकडा सर्वात जास्त आकड्याच्या 75 टक्क्यांखाली असेल तर दोष धरा. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते.

मग कमी भरणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा). जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील). शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर बहुधा गॅसकेटच. सीएनजी गाडीत व्हॉल्व्हचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट) आधी तपासा. तो घट्ट झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि नुसत्या सेटिंगनेही काम भागू शकतं.

पुराचं पाणी इंजिनात गेलेल्या गाडीत (चिपळूणकरांना 2021 चा जुलै आठवत असेल) कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकूनही कॉम्प्रेशन पडतं. तिथे ऑइल टाकून निदान होत नाही. डिझेल इंजिनात तर ही ऑइलची चाचणी करूच नका, आणि पेट्रोलचा गेजही लावू नका. तिथला दाब कितीतरी जास्त असतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.