चजीलाआ चगूसां चकान

मे महिन्यात मालवणकडच्या आमच्या घरात मुंबई, डोंबिवली आणि कुडाळची मिळून अकरा पोरं उतरतात आणि सगळी 'च'ची भाषा बोलतात. भांडण झालं की पंच म्हणून मला पडवीत बसवतात. दुपारची झोप गेली ती गेली.

नियम म्हणाल तर दीड ओळीचा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवायचं आणि रिकाम्या जागी 'च' बसवायचा. घरात म्हणजे चरातघ, मासे म्हणजे चसेमा. 'मी' आणि 'तू' यांना मागे काही उरतच नाही, म्हणून ते नुसते चमी, चतू. उलगडताना पुढचा 'च' टाकून द्यायचा, शेवटचं अक्षर पुढे आणायचं. एवढं जमलं की मोठ्यांना वाटतं, आली आपल्याला भाषा.

मग आंबा येतो. आंब्यावरचा अनुस्वार कोणाचा? डोंबिवलीकर पहिलं अक्षर मुंडाशासकट उचलतात: चबाआं. कुडाळकर म्हणतात, तोंडाने आपण 'आम्बा' म्हणतो, त्यातला 'म्' पुढच्या 'बा'ला चिकटलेला, तेव्हा तो मागेच राहणार: चंबाआ. वही बघितली तर डोंबिवली बरोबर, कान लावला तर कुडाळ. माझं मत कुडाळला. ही भाषा दिवे घालवल्यावर गोधडीत बोलायची, तिथे वही कुठली? पण निकाल एका आंब्यापुरता राहत नाही. बांगडा आहे, मांडवी एक्सप्रेस आहे, आणि ज्याच्यासाठी ही भाषा जन्मली ते 'आजीला सांगू नका' आहे. त्यात चगूसां की चंगूसा हे ठरेपर्यंत आजी येऊन उभी राहते.

जोडाक्षर पहिलंच असेल तर अख्खं उचलावं, स्वयंपाकाचं चयंपाकस्व करावं, यावर एकमत आहे. ते दुसरं आलं की दाणादाण. मत्स्यगंधा एक्सप्रेस एकाची चत्स्यगंधाम, दुसऱ्याची चस्यगंधामत्. दोन्ही म्हणून बघा, शक्यतो कवळी काढून. 'सर' या शब्दाला मात्र आमच्याकडे बंदी आहे. 'सर आले' हे शेजाऱ्यांना 'चरस चलेआ' असं ऐकू गेलं, तर गावभर चर्चा.

शिवाय मुळातली बोलीच वेगळी. मुंबईचा 'मला' चलाम होतो, कुडाळचा 'माका' चकामा. एक विचारतो चठेकु, दुसरा चयखं. नियम तोच, पण 'खंय' माहीत नसलेल्याने चयखं कितीही उलटवलं तरी हाती काय लागणार?

यावर उपाय म्हणून थोरल्या मुलीने 'प्रमाण च' नावाची वही घातली आहे. तिला मी एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेची गोष्ट सांगतो. ती घडवणारे झामेनहॉफ हे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी १८८७ साली वॉर्सात पहिलं पुस्तक काढलं, व्याकरणाचे नियम मोजून १६. १९०५ साली फ्रान्समध्ये बुलोनला जगभरची मंडळी जमली आणि 'फुंदामेंतो' या मूळ नियमग्रंथाला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. दोन वर्षांत सुधारकांनी इदो नावाची वेगळी चूल मांडली. इदो म्हणजे एस्पेरांतोत संतती, अपत्य! या अपत्याने एस्पेरांतोतल्या ĉ, ĝ अशा टोपीवाल्या अक्षरांच्या टोप्या उतरवल्या आणि कर्माला दरवेळी 'न' लावायची सक्तीही काढली. तिकडे टोपी, इकडे अनुस्वार. अक्षराच्या डोक्यावर काही ठेवलं की माणसं भांडणारच.

मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: 'अनुस्वार पहिल्या अक्षराबरोबर जाईल.' तेव्हापासून कुडाळकर गच्चीवर वेगळे झोपतात.

वहीची खरी गोची पुढच्याच पानावर आहे. शब्द 'च'नेच सुरू झाला तर? चटणीची चटणीच होते, चकलीची चकलीच. चहाचं तर काय सांगावं! मालवणी 'चाय' नीट लपते, चयचा होऊन जाते. प्रमाण चहा मात्र 'चहाच' होऊन उघडा पडतो. चार वाजता एक डोंबिवलीकर अत्यंत गुप्तपणे दुसऱ्याच्या कानात विचारतो, "चहाच?" आणि रांधपातून आजी ओरडते, "चायच कित्या रे? खापरोळे पण आसत!"