‘आमच्या घराण्याला फितूर ठरवलंत’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

दख्खनच्या सरदार घराण्यांवरच्या आमच्या पटावरच्या खेळाला आपण दोन तारे दिलेत आणि त्याखाली मनापासून लिहिलंत. उत्तराला चार दिवस लागले, कारण ते घाईत लिहायचं नव्हतं.

इतर वाचकांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगते. आपण सिंदखेडच्या जाधवरावांच्या वंशातले. घरातल्या मुलांना घेऊन खेळायला बसलात आणि तिसऱ्याच फेरीत लखुजीरावांच्या नावापुढे ‘फितुरी’ असा पत्ता पडला. मुलांनी विचारलं, आपले पूर्वज गद्दार होते का? आपण खोका मिटून ठेवलात. शिवाय भोसल्यांना सुरुवातीला इतकं कमी का, खंडागळ्यांच्या हत्तीनं दोन तासांचा डाव का उधळावा, मुलींचे पत्ते नुसते लग्नात ‘देण्याचे’ का, जावळीकर मोऱ्यांचं नाव चुकलंय, कंप्युटरवरच्या क्रुसेडर किंग्ससारखी वंशावळ नाही, आणि दोन मोहरे तुटके निघाले, अशा तक्रारी आहेत.

मोहरे आजच पाठवतो.

आता त्या पत्त्याबद्दल. ‘फितुरी’ हा शब्द आम्ही छापला, तो चुकला आणि त्याबद्दल मी आपली आणि आपल्या मुलांची माफी मागते. पत्ता घाईत बनला नव्हता, त्यावर आमच्यात वाद झाला होता आणि ठसठशीत वाटतो म्हणून हा शब्द राहिला. तो राहायला नको होता. नव्या छपाईत तिथे ‘चाकरी बदल’ असेल.

पत्त्यामागचा नियम मात्र मी काढणार नाही. का, ते सांगते.

आमचा डाव १६०० साली सुरू होतो. त्या वर्षी मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. डाव संपतो १६३६ला, निजामशाही बुडते तेव्हा. या छत्तीस वर्षांत निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं ती पुन्हा उभी केली, १६२६ला तो गेला, १६३३ला दौलताबाद पडलं. एका बाजूला मोगल, दुसरीकडे विजापूरची आदिलशाही, आणि मधल्या मुलखात गावं, गढ्या आणि पागा सांभाळणारी ही घराणी. त्यांच्या हातात दोन निरनिराळ्या गोष्टी असत. एक वतन, म्हणजे देशमुखी किंवा पाटीलकी, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी, जिच्या भांडणात गोतसभा, म्हणजे गावची-मुलखाची वतनदार मंडळी, बसायची आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निर्णय, लिहिला जायचा. दुसरा मोकासा, म्हणजे फौज बाळगून चाकरी करावी यासाठी सरकारनं लावून दिलेला महसूल. चाकरी सुटली की मोकासा गेला. वतन राहायचं, पण नव्या धन्याकडून त्याची सनद ताजी करून घ्यावी लागायची. धनी हरला, दरबारात घात होऊ लागला, की घराण्याच्या कर्त्या माणसापुढे प्रश्न उभा राहायचा: आपली माणसं, आपली घोडी आणि आपलं वतन कुठे टिकेल?

लखुजीराव निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, हे खरंच आहे. १६२४ला भातवडीच्या लढाईत ते मोगलांच्या बाजूला होते, आणि त्यांचे जावई शहाजीराजे मलिक अंबराच्या बाजूला. शहाजीराजांचे सख्खे बंधू शरीफजी त्याच लढाईत पडले. सासरा आणि जावई समोरासमोर, आणि मधे जिजाबाई. पुढे लखुजीराव निजामशाहीत परत आले, आणि जुलै १६२९मध्ये दौलताबादेला भर दरबारात त्यांना दोन मुलं आणि एका नातवासह ठार मारण्यात आलं. परत आलेल्या माणसाचं असं झालं. आता शहाजीराजांकडे पाहा. भातवडीनंतर ते निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले, तिथून निजामशाहीत परत आले. सासऱ्यांच्या हत्येनंतर, १६३०ला, मोगलांकडे गेले. १६३२ला मोगल सोडले. १६३३ला पेमगिरीला निजामशाही वंशातल्या एका मुलाला गादीवर बसवून तीन वर्षं त्याच्या नावानं राज्य चालवलं, आणि १६३६ला माहुलीला शरण जाऊन आदिलशाहीत रुजू झाले. शहाजीराजांना आपल्यापैकी कुणी फितूर म्हणत नाही. मग लखुजीरावांना तरी का म्हणावं? ‘चाकरी बदल’चा नियम पटावरच्या पाचही घराण्यांना सारखा लागू आहे तो यासाठीच: सिंदखेडचे जाधवराव, वेरूळचे भोसले, फलटणचे निंबाळकर, मुधोळचे घोरपडे, जावळीचे मोरे. तो काढला तर घराणी नुसत्या रंगीत सोंगट्या होतील.

मी सिंदखेडराजाला लखुजीरावांच्या समाधीपाशी गेले आहे. ती दगडी इमारत बघून खूप वेळ तिथून हलवेना. त्या माणसाला कमी लेखण्यासाठी हा खेळ केला नाही, हे माझ्या शब्दावर माना.

भोसल्यांच्या पटावर सुरुवातीला कमी का? कारण १६००मध्ये तसंच होतं. जाधवरावांचं घराणं तेव्हा कितीतरी मोठं. शहाजीराजांचे वडील मालोजी आणि चुलते विठोजी चढत होते, पुणे-सुपे पुढे मिळालं. शिवाजी महाराजांचं घराणं म्हणून पहिल्याच फेरीत मोठं करायचं, तर मालोजींनी शून्यातून काय उभं केलं तेच झाकलं जाईल.

हत्ती. बखरीतली हकीकत अशी की निजामशाही दरबारातून सरदार बाहेर पडताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्याला आवरताना झटापट झाली, झटापटीचं युद्ध झालं आणि त्यात लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी आणि विठोजींचे पुत्र संभाजी असे दोन्हीकडचे तरुण गेले. व्याही असलेल्या दोन घरांत एका दुपारी रक्त सांडलं. तो पत्ता मला सोडवत नाही. पण तो शेवटी आला तर जमवलेला डाव वाया जातो, ही आपली तक्रार रास्त आहे. आजपासून नियम असा समजा: गड्डीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात हत्ती ठेवायचा नाही. सुरुवातीला आला तर दोन्ही घरांना सावरायला वेळ मिळतो.

आपल्या मुलीनं विचारलं, ‘जिजाऊंचा पत्ता एवढाच?’ त्या प्रश्नानं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. सोयरिकीचा पत्ता ‘एक फेरी हल्ला नाही’ एवढंच सांगतो, आणि भातवडी पाहिली तर तेही खरं नाही. नव्या नियमात तो दोन्ही घरांपुढे उघडा राहील आणि लढाई हरलेल्या घराला सोयऱ्याकडे एक फेरी आसरा मिळेल. जिजाबाईंचं पुण्याच्या जहागिरीतलं काम, त्यांनी दिलेले निवाडे, हे १६३६नंतरचं, म्हणून आमच्या डावात आलं नाही. तिथून पुढचा डाव आम्ही मांडतो आहोत, आणि त्यात त्या स्वतः खेळणारं घर असतील, कुणाच्या हातातला पत्ता नाही.

क्रुसेडर किंग्स मीही वर्षानुवर्षं खेळले आहे. २०१४ला त्यात हिंदुस्थानचा नकाशा आला त्या रात्री देवगिरी शोधत बसले होते. त्या खेळाचा गाभा युरोपातला आहे: राजा, त्याखाली ड्यूक, त्याखाली काउंट, आणि जमीन पदवीबरोबर वारसाकडे जाते. आमच्याकडे वतन एका हक्कानं, मोकासा दुसऱ्या, आणि भाऊबंदांत वाटण्या. भोसले आणि घोरपडे स्वतःला एकाच मुळाचे मानायचे, तरी पुढे १६४८ला जिंजीजवळ शहाजीराजांना कैद केलं ते मुधोळच्या बाजी घोरपड्यांनी. हे सगळं एका सरळ वंशवृक्षात बसवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पण नियमपुस्तिकेत पाचही घराण्यांच्या वंशावळी छापता येतील, आणि छापू.

मोऱ्यांबद्दल आपलं अगदी बरोबर. ‘चंद्रराव’ हा विजापूरकरांनी दिलेला किताब, जावळीच्या प्रत्येक कर्त्याला चालत आलेला. आम्ही तो एकाच माणसाचं नाव म्हणून छापला. वाचून कान धरले.

बदललेल्या सात पत्त्यांची गड्डी तयार आहे. आपल्यालाच नाही, ज्यांनी ज्यांनी पहिली आवृत्ती घेतली त्या सगळ्यांना ती टपालानं विनामूल्य जाईल, ऑर्डरचा क्रमांक तेवढा याच पानावरून निरोपात कळवा. आपल्या गड्डीत मी जुना ‘फितुरी’चा पत्ता परत पाठवायचं पाकीट ठेवलंय. तो आमच्याकडे परत आला तर बरं वाटेल. आणि नवी गड्डी आल्यावर मुलांबरोबर पुन्हा बसलात, तर जाधवरावांकडून खेळून पाहा. १६२९ची फेरी येईपर्यंत दौलताबादेला जायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्या.