रिपेरिंगचे साठ रुपये

पन्नास दाढीचे आणि दहा रिपेरिंगचे. असे साठ रुपये आज सकाळी पावणेनऊला मी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये मोजले आणि ते अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाहीत. रक्कम मोठी नाही, मान्य. पण रिपेरिंग हा शब्द आमच्याकडे आजवर मिक्सर, पंखा आणि बोअरची मोटर यांच्यापुरताच होता. हनुवटीसाठी तो आज पहिल्यांदा वापरला गेला, तोही गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात.

मागची गोष्ट थोडक्यात उरकतो. रेझरच्या चार कार्ट्रिजना सातशे रुपये मोजून मी वैतागलो होतो. रात्री जागून व्हिडिओ बघितले. त्यात गोरे लोक पिवळ्या उजेडात अशी संथ दाढी करतात, की त्यांना कुठल्याच ऑफिसात जायचं नसावं. मग एक पितळी सेफ्टी रेझर, एक खराखुरा वस्तरा, साबणाची वडी आणि ब्रश मागवला. खर्च किती झाला ते घरात सांगितलं. खरा आकडा त्याच्या दुप्पट आहे.

पहिलं विघ्न ब्रशचं. आईनं तो हातात घेऊन विचारलं, "कसल्या केसांचा आहे रे हा?"

"नैसर्गिक आहे."

"कुठल्या निसर्गाचा?"

डुकराच्या केसांचा आहे हे सांगायला मला पाऊण मिनिट लागलं. ब्रशला घराबाहेर जायला तेवढंही लागलं नाही. आता तो बाल्कनीत राहतो, तुळशीपासून सर्वांत लांबच्या टोकाला. ज्या वाटीत मी तो भिजवला होता ती आमटीची वाटीही त्याच्या सोबतीला गेली.

दुसरं पाण्याचं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, एरवी बोअर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम इतकं, की साबण त्यांच्याशीच लगट करून बसतो आणि फेसाऐवजी वाटीत करडा साका जमतो. म्हणून मी पिण्याच्या जारमधलं पेलाभर पाणी घेतलं. फेस असा आला, की श्रीखंड! बायको म्हणाली, "आम्ही भांडी घासताना थेंब थेंब मोजतो आणि साहेबांच्या गालाला जारचं पाणी?" बरोबर आहे तिचं. उजनी धरण भरलं की पेपरात फोटो येतो, कुणीतरी जलपूजन करतं, नारळ वाहून जातो. इकडे पाणी सुटायची वेळ रात्री अडीचची. सणावाराला घोटलेली दाढी करायची तर जार विकत घ्यायचा. हे मी विनोद म्हणून लिहायला बसलो होतो, पण जाऊ द्या.

तरी सेफ्टी रेझरचे पंधरा दिवस बरे गेले. पातं गालाशी साधारण तीस अंशांत धरायचं आणि दाबायचं नाही. पितळेचं वजनच काम करतं. मी गेली पंचवीस वर्षं दाढी करताना रेझर असा दाबत आलोय, की जणू भिंतीचा जुना रंग खरवडायचाय. ती सवय सुटली, रक्त थांबलं, मान ताठ झाली. आणि ताठ मानेनं आज मी वस्तरा उघडला.

वस्तरा आधी चामड्यावर परजावा लागतो. चामड्याचा पट्टा हजार रुपयांना होता, तो मी मागवला नव्हता. ऑफिसचा कमरपट्टा बाथरूमच्या कडीला अडकवला. परजताना पाठ पुढं, धार मागं, आणि टोकाला गेल्यावर पात्याला पाठीवरून कूस बदलायला लावायची. मी धारेवरून बदलली. पट्ट्याला तिसऱ्या भोकाशेजारी बोटभर चीर पडली. तिथंच थांबायला हवं होतं.

उजवा गाल झाला. डाव्यासाठी हात बदलला. डाव्या हातानं मी आजवर फक्त दाराची कडी काढलीय. हनुवटीच्या कडेला वस्तरा किंचित अडखळला. दुखलं नाही, पण बेसिनात लाल नक्षी दिसायला लागली. तुरटी घरात नव्हती. चेहऱ्याला टॉवेल दाबून, अर्ध्या फेसासकट मी खाली उतरलो. हातातला वस्तरा ठेवायचं भान राहिलं नाही. जिन्यात भेटलेली दूधवाली बाई भिंतीला चिकटली.

सलूनवाल्या मामांकडे मी अठरा वर्षं जात होतो आणि गेले तीन आठवडे त्यांच्या काचेसमोरून जायचं टाळून पलीकडच्या फुटपाथनं हिंडत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं, वस्त्र्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. त्याचाच राग जास्त.

बोलले ते खुर्चीतले अण्णा. जुन्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, वय पंचाहत्तरच्या पुढं, घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी. अर्ध्या तोंडाला फेस लागलेला. त्यांनी खुर्चीसकट गिरकी घेतली.

"काय तम्मी, कुणी मारलं बे?"

"कुणी नाही अण्णा. मीच. दाढी करत होतो."

"हे दाढीचं हाय? मला वाटलं, उसाच्या फडातनं आलास." मग हात पुढं केला. "आण इकडं."

वस्तरा त्यांनी नाकाजवळ धरून वास घेतला. का, ते विचारू नका. मग मामांनी तो मागून घेतला, स्वतःच्या मनगटावरच्या केसांवरून फिरवला. एकही केस पडला नाही.

"धारच लावलेली नाही साहेब. नवीन हाय, चमकतंय तेवढंच. आधी दगडावर लावून घ्यावं लागतंय."

"मग कापलं कसं?"

"बोथट हाय म्हणूनच की," अण्णा म्हणाले. "धारेचं सरकतं, बोथट ओढतं. आता सांग, तुझ्या मानेवरचे केस कुठनं कुठं जातात?"

"वरनं खाली."

"हात लावून बघ की."

बघितलं. गळ्याखाली केस डावीकडून उजवीकडं जात होते आणि एका ठिकाणी चक्क भोवरा होता. सेहेचाळीस वर्षांचा झालो, स्वतःच्या गळ्यावर भोवरा आहे हे मला भर दुकानात कळलं.

"मागावर बसायच्या आधी पोरगं ताणा बघतंय, वाणा बघतंय," अण्णा बाकीच्यांना उद्देशून म्हणाले. "ह्यानं स्वतःचं तोंड नाही बघितलं, डायरेक्ट धोटा मारला." बाकावरच्या तिघांनी पेपर खाली ठेवले. दोघं दारातून आत आले. गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँभोवती जमतात तशी माणसं जमली. अण्णांच्या गालावरचा फेस वाळून पापुद्रे धरायला लागला होता. मामांनी तो फवाऱ्यानं ओला केला. पुन्हा वाळला, पुन्हा ओला केला.

अब्रू सावरावी म्हणून मी जिलेटची गोष्ट काढली. म्हटलं, हा किंग कॅम्प जिलेट बाटल्यांची बुचं विकत गावोगाव फिरायचा. बूच वापरतात, फेकतात, पुन्हा घेतात. तशी वापरून फेकायची वस्तू काढायची म्हणून त्यानं पातळ ब्लेड काढलं. १९०३ मध्ये, पहिल्या वर्षी, त्याचे फक्त एक्कावन्न रेझर खपले.

"एक्कावन्न? मग विक्री कसली ती, आहेर झाला की!" अण्णा म्हणाले.

दुकान हसलं. जिलेटचाही मान गेला आणि माझाही.

मग मामांनी मला शेजारच्या खुर्चीत बसवलं. जखमेवर तुरटी फिरवली. डोळ्यांत पाणी आलं, ते मी फवाऱ्याचं असल्यासारखं पुसलं. एक ब्लेड कागदासकट मोडून अर्धं केलं, अर्धं त्यांच्या वस्त्र्यात सरकवलं, अर्धं परत कागदात. म्हटलं, मामा, तुम्हीही खरा वस्तरा वापरत नाही मग! ते म्हणाले, "वडील वापरायचे. एड्सचं निघालं तसं लोक नवीन ब्लेड मागायला लागले. वडलांचा पट्टा तो बघा." आरशाशेजारी चामड्याचा काळाभोर पट्टा लटकत होता. त्यावर चार्जरची वायर गुंडाळलेली. अठरा वर्षं त्या आरशात मी फक्त स्वतःला बघितलं असणार.

डावा गाल चार मिनिटांत झाला. मी घरी उजव्याला पंचवीस घेतली होती. अण्णा उठले, दोन्ही हातांनी माझे दोन्ही गाल चादर पारखावी तसे चाचपले आणि जाहीर केलं, "हे मामाचं, हातमाग. हे ह्याचं, गोणपाट."

पैसे द्यायला पाकीट काढलं तर अण्णाच मध्ये पडले. "अर्धीच केलीस ना मामा? पंचवीस घे."

मला वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्या बाजूचा.

"उलट साठ होतात," मामा म्हणाले. "नवीन कामापेक्षा रिपेरिंगला जास्त लागतात."

अण्णांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. "ते पण खरं हाय."

ऑफिसात पट्ट्याची चीर सुटली आणि दिवसभर मी पँट एका हातानं धरून फायली हलवल्या. संध्याकाळी घरी आलो तर बायको खिडकीत बसून ब्लाउज उसवत होती. हातात माझ्या नव्या डबीतलं ब्लेड.

"हे छान आहे हं," ती म्हणाली. "अजिबात ओढत नाही."