पंचावन किलोचा गट

कापसाची पहिली वेचणी आटोपली, तुरीच्या शेंगा भरायला लागल्या की आमच्या भागात कबड्डीच्या नोटिसा लागतात. पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर. 'भव्य खुले कबड्डी सामने, ५५ किलो वजन गट.' ज्या घरात सोळा ते वीस वर्षांचा पोट्टा आहे, त्या घरच्या बापानं ही नोटीस शेवटपर्यंत वाचावी. बक्षिसाचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, तो सोडून द्यावा. सगळ्यात खाली, छापखान्याच्या नावाच्या जरा वर, 'वजन सकाळी १० वाजता होईल' अशी एक ओळ असते. बापाचा पुढचा पंधरवडा त्या ओळीत आहे.

कारण पोट्टा ५७ चा असतो. हा नियमच आहे. ५५ चा गट असला की घरचा पोट्टा ५७ चा निघतो आणि ६० चा असला की ६२ चा. टीव्हीवरच्या मॅटच्या कबड्डीत ८५ किलोपर्यंतचे गडी चालतात, पण गावात ८५ किलोचे तीनच जण असतात आणि ते तिघंही उद्घाटनाला खुर्चीवर बसलेले असतात. म्हणून खेड्यात ४५, ५५, ६० असे गट पाडतात. सोय चांगली आहे. हडकुळ्या पोट्ट्यालाही मैदान मिळतं. फक्त ती सोय घराच्या स्वयंपाकघरातून जाते, हे आयोजकांच्या लक्षात येत नाही.

थंडीचे दिवस. आईनं डिंकाचे लाडू वळलेले, वानोळ्यात आलेली वांगी, रविवारी रोडग्यांचा बेत. आणि नेमका तेव्हाच संघाच्या कॅप्टननं हुकूम काढलेला असतो : भात बंद, मीठ बंद, शेवटच्या दिवशी पाणी बंद. हा कॅप्टन स्वतः ५२ किलोचा असतो. आईचा पहिला हल्ला पोट्ट्यावर नसतो, बापावर असतो. "माह्या घरी पोरगं उपाशी राह्यते, लोकं काय म्हनतीन?" पोट्टा म्हणतो, "बाबा, तिले समजावा." बाप कोणाच्याही बाजूनं बोलला तरी त्याचं स्वतःचं ताट उशिरा येतं.

इथं बापानं भावनेत न जाता हिशेबात जावं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पेलाभर पाणी म्हणजे पाव किलो. रात्री झोपेत, श्वासातून, घामातून आणि सकाळच्या लघवीतून अर्धा-पाऊण किलो आपोआप उतरतो. म्हणजे रात्री साडेपंचावन भरलेला पोट्टा सकाळी पोट साफ करून आला तर काठोकाठ गटात बसतो. खारट खाल्लं की अंगात पाणी धरून राहतं, म्हणून लोणचं, पापड, शेव-चिवडा शेवटचे तीन-चार दिवस बाजूला ठेवायला हरकत नाही. पण दोन किलो चरबी दोन दिवसांत उतरत नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ. दोन दिवसांत जे उतरतं ते फक्त पाणी, आणि ते पाणी रक्तातलं, स्नायूंतलं असतं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं की पायांतला जोर कमी व्हायला लागतो. ५५ किलोच्या पोट्ट्याचे दोन टक्के म्हणजे एक किलो शंभर ग्रॅम. पिंढरीत गोळा येतो, डोकं गरगरतं आणि चढाईला गेलेला गडी मध्यरेषा आपली की त्यांची ते विसरतो.

पोट्ट्यांचे उपाय वेगळेच असतात. खताच्या पोत्यातली आतली प्लास्टिकची पिशवी फाडून स्वेटरच्या आत घालायची आणि पांदण रस्त्यानं धावायचं. आवळा सुपारी चघळत दिवसभर थुंकायचं. टक्कल करायचं. टक्कल केल्यानं काही ग्रॅम वाचतात आणि आजी रडते, एवढाच त्याचा परिणाम. प्लास्टिकचा उपाय मात्र बापानं दोन थोबाडीत देऊन बंद करावा. घाम बाहेर उडून गेला नाही की अंग तापत जातं, आणि आधीच पाणी तोडलेल्या पोट्ट्याला थंडीतही उष्माघातासारखा त्रास होऊ शकतो. त्यापेक्षा त्याची चड्डी बदलावी. जीन्स पाऊण किलोच्या आसपास भरते, हाफ पँट शंभर-दीडशे ग्रॅम. करदोडा, कडं, गळ्यातला तावीज, खिशातला मोबाईल हे सगळं काढून पाहिलं की निम्मा प्रश्न घरच्या घरी सुटतो.

उरलेला प्रश्न काट्याचा. कबड्डीचा काटा कुठून आणायचा यावर गावात जेवढं राजकारण होतं तेवढं ग्रामसभेत होत नाही. तिथं तर कोरमच भरत नाही. गावाची अशी समजूत आहे की व्यापाऱ्याचा काटा माल घेताना कमी दाखवतो आणि रेशनचा काटा माल देताना जास्त दाखवतो. त्यामुळं यजमान गावाची पोरं व्यापाऱ्याच्या काट्यावर आणि पाहुण्या गावाची रेशनच्या काट्यावर मोजली तर स्पर्धा वजनावरच संपेल. सोयाबीन देताना ज्या काट्याला आम्ही शिव्या घालतो, त्याच काट्यावर पोट्टा उभा असला की आम्ही हात जोडतो.

काटा तपासायची रीत सोपी आहे. चारही पाय सपाट फरशीवर टेकले पाहिजेत. शेणानं सारवलेल्या अंगणात एक पाय अधांतरी राहतो आणि पोट्टा कोपऱ्यात सरकला की आकडा बदलतो. बॅटरी उतरलेली नसावी. आधी शून्य करून घ्यावं आणि मग माहितीच्या वजनाची वस्तू ठेवावी. यासाठी न फोडलेली खताची बॅग बरी. पण कोणती, ते पाहून. डीएपीची बॅग ५० किलोची आहे, युरियाची २०१८ पासून ४५ ची झाली आहे. युरियाच्या बॅगेला ५० समजून कोणी काटा 'दुरुस्त' केला तर ५५ चा गडी ६० च्या घरात भरतो आणि मग दोन्ही संघांचं काय होतं ते बघवत नाही.

शंभर ग्रॅमनं काय फरक पडतो, असं म्हणायची सोय आता राहिली नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. तेव्हापासून वजनाच्या टेबलावर बसलेला प्रत्येक पंच स्वतःला ऑलिंपिकचा समजतो. पोट्टा ५५.१०० भरला की तो मान हलवतो, आणि मग संघाचा मॅनेजर त्याला बाजूला घेऊन कोणाचा भाचा आहे ते सांगतो.

इथून राजकारण सुरू होतं. खरं म्हणजे नोटिशीपासूनच सुरू झालेलं असतं. २०२२ च्या मार्चमध्ये अमरावती, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर अशा जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक पुढं पुढं जात राहिली. लोकशाहीचं नुकसान झालं असेल. कबड्डीचं भलं झालं. सर्कलमधल्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघातल्या, प्रत्येक इच्छुकाला दर हिवाळ्यात आपलं तोंड लोकांसमोर ठेवणं भाग पडलं. एकानं २१ हजारांचा चषक ठेवला की दुसऱ्यानं ३१ चा ठेवायचा. नियमित निवडणुका झाल्या असत्या तर एवढे सामने झालेच नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅनर नीट पाहिला तर सर्कलचं भविष्य कळतं. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव, आणि कोणती जागा कोणाला ते सोडतीशिवाय कळत नाही. म्हणून सोडतीआधीच्या बॅनरवर भाऊंचा फोटो मोठा आणि वहिनींचा लहान, कोपऱ्यात. सोडत निघाली की पुढच्या सामन्याला वहिनी मोठ्या होतात आणि भाऊ हात जोडून कोपऱ्यात जातात. कबड्डीपटूचा फोटो तिसऱ्या ठिकाणी असतो आणि तो टीव्हीवरच्या कोणत्यातरी संघातला असतो. मुलींचे सामने ठेवलेच तर त्यांचं मैदान नियमानं १२ बाय ८ मीटरचं, मुलांचं १३ बाय १०. बक्षीस मात्र नियम नसतानाही त्याहून आखूड. वहिनींचा फोटो मोठा झाला तरी यात फरक पडत नाही.

आता वेळापत्रक. वजन दहाला. उद्घाटन बाराला. साहेब येतात साडेचारला, कारण वाटेत त्यांना आणखी दोन चषक असतात. तोवर दीडशे पोट्टे मैदानाच्या कडेला बसून खातात. वजन झाल्यावर काय द्यायचं हे बापानं घरूनच बांधून द्यावं : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. अर्ध्या तासानं भाकर, साधं वरण, केळं. पोट्टे काय करतात? गार शीतपेयाची मोठी बाटली तोंडाला लावतात, वर दोन आलुबोंडे आणि तर्री पोहा. रिकाम्या आतड्यात हे गेलं की पहिल्याच पकडीत समोरच्या गड्याच्या अंगावर येतं. पचलं तरी संध्याकाळपर्यंत ५५ चा गट ५७ चाच झालेला असतो. म्हणजे दोन्ही संघ पंधरा दिवस उपाशी राहून जिथं होते तिथंच. साहेबांच्या उशिराचा हा एक फायदा.

भाषणं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं, ही खरी आणि अभिमानाची गोष्ट. पण ती एका संध्याकाळी चार वक्त्यांनी सांगू नये. नंतर साहेब फोटोसाठी एक चढाई करतात. पांढरी पँट, पांढरे बूट. पोट्ट्यांना आधी दटावून ठेवावं लागतं की बाप्पा, घोट्याला हात लावू नका. साहेब बोनस रेषेपर्यंत जाऊन दोघांना बाद करून परत येतात, दम लागल्यामुळं 'कबड्डी' म्हणतही नाहीत, आणि पंच गुण देतो.

मैदानाबद्दल बोलायचं तर काळी माती कामाची नाही. वाळली की भेगा पडतात, त्यात अंगठा अडकून नख निघतं. ओली असली की पायाला वहाण चढते. गावठाणातली पांढरी माती चाळून, खडे वेचून टाकावी, आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून हलका रोलर फिरवावा. आखणी फक्कीनं करावी. चुना स्वस्त पडतो म्हणून काही ठिकाणी तोच टाकतात, आणि पकडीत तोंडावर पडलेल्या गड्याचे डोळे जळतात. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिथून पुढं एक मीटरवर बोनस रेषा. हे टेपनं मोजायचं असतं, पावलांनी नाही. आखणाऱ्याचं पाऊल मोठं असलं की बोनस कोणालाच मिळत नाही आणि भांडण सुरू होतं.

सगळ्यात मोठं भांडण मात्र राखीव क्षेत्राचं, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडेच्या पट्ट्यांचं, लॉबीचं. स्पर्श न होता चढाईवाला लॉबीत गेला, मागून तीन-चार पकडणारेही गेले; आता बाद कोण? खेड्यात यावर माईक हिसकावला जातो, कोणी लाईट बंद करतो. आम्हाला वाटायचं हे आमच्याकडचंच अडाणीपण. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना २८-२८ वर याच मुद्द्यावर तासभर थांबला, जुना नियम की नवा यावर दोन्हीकडचे लोक अडून बसले, आणि शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला. त्या दिवसापासून गावातल्या भांडणाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. फरक इतकाच की तिथं लाईट कोणी घालवली नाही.

मध्यरात्री अडीचला अंतिम सामना होतो. समजा पोट्ट्यांनी दुसरं बक्षीस आणलं, १५ हजार. त्यातून प्रवेश फी ५००, भाड्याची क्रूझर २,५००, बारा जणांचं जेवण १,८००, गुडघ्याच्या पट्ट्या आणि स्प्रे ४००. उरले ९,८००, बारांत वाटले की माणशी आठशे सोळा रुपये. पंधरा दिवस पोट्टा कापूस वेचायला आला असता, दिवसाला तीस किलो, किलोला दहा रुपयांनी, तर मजुरीचे साडेचार हजार वाचले असते. हा हिशेब मनात करावा. आईसमोर करू नये, कारण एवढ्या दिवसांत ती फिरलेली असते आणि चषक कुठं ठेवायचा याची जागा तिनं ठरवलेली असते.

जागा म्हणजे फ्रिजवर. चषक दोन फुटी, त्याच्या पोटावर भाऊंचा रंगीत स्टिकर. अडचण अशी की घरचं मत दुसऱ्या पक्षाला आहे आणि त्या पक्षाचे लोक आठवड्यात चहाला येणार आहेत. स्टिकर नखानं किंवा सुरीनं खरवडू नये, सोनेरी मुलामा निघून खालचं प्लास्टिक दिसतं. खोबरेल तेल चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवावं आणि सुती फडक्यानं कडेकडेनं उचलावं. भाऊंचं कपाळ लवकर निघतं, जोडलेले हात निघत नाहीत. नाहीच निघाले तर पाहुणे येण्याआधी चषक पाठमोरा करून ठेवावा.