सगळ्यांकडे जाणारं मूल

अनाथ मुलांच्या संस्थेला भेट देऊन आलेली माणसं एक गोष्ट हमखास कौतुकाने सांगतात. "काय गोड पोरं आहेत! ओळख ना पाळख, तरी धावत येऊन बिलगली." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. दीड-दोन वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आपल्या माणसाच्या मागे लपतं, तिथून हळूच डोकावतं, जास्तच जवळ आलात तर भोकाड पसरतं. ते तसंच असायला हवं. ज्याला लपायला कोणी हक्काचं माणूसच नाही, ते येईल त्याच्या कडेवर जातं.

यावर लोक म्हणतात, खायला मिळतं, कपडे स्वच्छ असतात, डॉक्टर येतात, मग बिघडतं कुठे? मनोविश्लेषक रेने स्पिट्झने १९४५ च्या सुमारास नेमकं हेच तपासलं. एका बाजूला स्वच्छ, वैद्यकीय देखरेख असलेलं अनाथ शिशुगृह, दुसऱ्या बाजूला स्त्रियांच्या तुरुंगातलं पाळणाघर, जिथे कैदी आया आपापल्या बाळांना स्वतः सांभाळत. शिशुगृहातल्या ९१ बाळांपैकी ३४ दोन वर्षांत दगावली. तुरुंगातलं एकही नाही. त्याच्या अभ्यासपद्धतीवर पुढे भरपूर टीका झाली आणि ती रास्त होती. पण मूळ प्रश्न काही त्या टीकेने मिटला नाही.

पुढचा पुरावा रोमानियातून आला. तिथला हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, घरी सांभाळता न येणारी मुलं वाढत गेली, आणि १९८९ मध्ये त्याची सत्ता कोसळली तेव्हा तिथल्या संस्था मुलांनी खच्चून भरलेल्या होत्या. नंतर बुखारेस्टमध्ये संशोधकांनी १३६ लहानग्यांच्या चक्क चिठ्ठ्या काढल्या: निम्मी फॉस्टर कुटुंबात (म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरात), निम्मी होती तिथेच. (चिठ्ठ्या काढणं नैतिक होतं का, यावर आजही वाद होतो. पण त्या काळी शहरात फॉस्टर कुटुंबं जवळजवळ नव्हतीच, ती याच प्रकल्पाने उभी केली.) कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, लळा लागण्याची क्षमता, सगळंच सुधारलं. आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेली पोरं बऱ्याच बाबतींत पुढे राहिली.

रोमानियातल्या संस्था भयंकर होत्या, हे खरं. म्हणून मला ब्रिटनमधला मानसशास्त्रज्ञ बार्बरा टिझर्ड यांचा अभ्यास जास्त बोलका वाटतो. तिथल्या संस्थांत खेळणी होती, पुस्तकं होती, माणसंही पुरेशी होती. मुलांची बुद्धी उत्तम. फक्त चार-साडेचार वर्षांचं होईपर्यंत एकेका मुलाला सरासरी पन्नासेक माणसांनी सांभाळलेलं असायचं, आणि मुलांत फार गुंतू नका अशीच कर्मचाऱ्यांना शिकवण होती. घोळ आहे तो इथे, ड्युटीच्या तक्त्यात.

बाळ दुपारी दोनला रडलं. दूध तीनला. तीन वाजता आलेल्या ताईंच्या हाताखाली आठ पाळणे, म्हणून बाटली उशीला टेकवून तोंडात दिली. ताई मनाने कितीही प्रेमळ असल्या तरी बाळाकडे बघायला सवड कुठे? रात्री दुसऱ्या ताई, उद्या तिसऱ्या. रडल्यावर कोणी येतंच असं नाही, हे बाळ हळूहळू शिकतं आणि रडणं सोडतं. मग वॉर्डात शांतता बघून पाहुणे म्हणतात, किती शहाणी बाळं!

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या काही शिशुगृहांत गट लहान केले, रोजची माणसं ठरवून दिली, वय वाढलं की मुलाला दुसऱ्या गटात हलवणं बंद केलं. इमारती त्याच. मुलांची वाढ सुधारली, अगदी उंची-वजनसुद्धा. म्हणून देणगीदारांना माझं सांगणं आहे, भिंतींवरची कार्टूनं राहू द्या. या बाळाला गेल्या आठवड्यात किती जणांनी दूध पाजलं, एवढं विचारा. त्याहून बरं म्हणजे पैसा आधी घरी पोचवा, कारण जगभरात संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांपैकी किमान एक जण हयात असतो. तीन वर्षांखालच्या मुलाला कुटुंबातच ठेवावं, असं संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

दत्तक पालकांनी मात्र 'दोन वर्षं' वाचून हाय खाऊ नये. रोमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांपैकी सहा महिन्यांहून जास्त काळ संस्थेत काढलेल्यांना पुढेही त्रास झाला, पण त्यांच्यातही साधारण पाचातलं एक कायम ठणठणीत राहिलं. मूल घरी आलं की सुरुवातीचे काही महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं दोघांनीच करा. कौतुकाने उचलून घ्यायला आलेल्या नातेवाइकांना वाईट वाटेल. वाटू दे.